देशोदेशींचीं गांवें : मांतों

परदेशांतील एखाद्या गांवाचें वर्णन वाचून झालें कीं, चोखंदळ वाचक पहिला प्रश्न विचारतो तो हा : ‘हें सर्व खरें, पण तेथें जाऊन करावयाचें काय?’ या सदराकडे येणाऱ्या पत्रांतून हाच प्रश्न नाना प्रकारें विचारलेला असतो. या खेपेस एका भगिनींनीं तो फार नेमका करून विचारला आहे. त्यांचे यजमान मोठ्या दुखण्यांतून नुकतेच उठले आहेत. मुलगा युरोपांत नोकरीस आहे आणि ‘चार दिवस इकडे या’ असा त्याचा आग्रह आहे. ‘राजधान्या आणि वस्तुसंग्रहालयें आम्हांला झेपणार नाहींत. भूमध्यसमुद्राच्या कांठचें एखादें असें लहान गांव सांगा कीं, जेथें हळू चालणाऱ्या माणसाला ओशाळें वाटणार नाहीं,’ असें त्या लिहितात.

असें एक गांव मला ठाऊक आहे. किंबहुना हळू चालणाऱ्या माणसांनींच त्या गांवाला नांवारूपास आणलें, असें म्हटलें तरी चालेल. त्याचें नांव मांतों.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, अगदीं पूर्वेच्या टोंकाला, इटलीच्या हद्दीस खेटून हें गांव वसलेलें आहे. वस्ती सुमारें तीस हजारांची. जुन्या इंग्रजी पुस्तकांतून त्याला ‘मेंटोन’ असें म्हटलेलें आढळतें. नीस शहराहून आगगाडीनें निघालें म्हणजे चाळीस मिनिटांच्या आंतबाहेर येथें उतरतां येतें. डब्यांत उजव्या हाताची खिडकी धरावी, कारण समुद्र त्या बाजूला असतो. गांवाच्या पाठीमागें आल्प्स पर्वताच्या शेवटल्या रांगा भिंतीसारख्या उभ्या आहेत. त्यामुळें उत्तरेचा गार वारा येथवर सहसा पोंचत नाहीं, आणि समोरचा समुद्र हवेला फारसें निवूं देत नाहीं. म्हणूनच उत्तर युरोप बर्फाखालीं असतांना येथें लिंबें झाडावर पिकत असतात.

गेल्या माघांत आम्ही उभयतां येथें आठ दिवस राहिलों. पत्नीला पावसाळ्यांत न्यूमोनिया झाला होता. औषधानें ताप गेला, छाती मोकळी झाली, डॉक्टरांनीं हिंडण्याफिरण्यास परवानगी दिली. पण माणूस कांहीं पूर्ववत् झालें नाहीं. जेवणावर वासना नाहीं, बोलण्यांत रस नाहीं. खिडकीपाशीं बसून राहावें, आणि कोणीं विचारलें तर ‘मला काय झालंय? मी बरी आहे,’ एवढेंच म्हणावें. आमची मुलगी व जांवई नोकरीनिमित्त नीसजवळ आंतीब येथें राहतात. मुलीनें फोनवर सांगितलें, ‘बाबा, आईला घेऊन या. आपण सगळींच आठ दिवस मांतोंला जाऊं.’ तिकडे जाऊन तिला बरें वाटेल अशी माझी फारशी खात्री नव्हती, हें प्रांजळपणें सांगतों.

मांतोंमधील दिवसाचा आरंभ बाजारापासून करावा. समुद्रापासून थोड्याच पावलांवर १८९८ सालीं बांधलेली मंडई आहे. तिच्या दर्शनी भागावर रंगीत चिनीमातीचे मुखवटे बसविलेले आहेत. आंत भाजीपाला, फळें, फुलें आणि जैतुनाचें तेल यांची रेलचेल असते. आपल्याकडील शाकाहारी माणसाची येथें उपासमार होत नाहीं. या किनाऱ्यावर ‘सोक्का’ म्हणून एक पदार्थ मिळतो. हरभऱ्याचें पीठ, पाणी, मीठ व जैतुनाचें तेल, एवढेंच त्याचें साहित्य. तें पीठ मोठ्या तांब्याच्या परातींत पातळ ओतून भट्टींत भाजतात आणि वर मिरपूड भुरभुरून गरम गरम देतात. आपल्या बेसनाच्या धिरड्याचें हें सख्खें चुलत भावंडच म्हणावें. पालेभाजी व ताजें चीज भरून तळलेल्या लहान करंज्याही मिळतात. त्यांना ‘बारबाजुआन’ म्हणतात. मात्र त्यांत अंडें असण्याचा संभव असतो, आणि वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या कांद्याटोमॅटोच्या रोटीवर खारवलेली बारीक मासळी असूं शकते. ज्यांना वर्ज्य असेल त्यांनीं आधीं विचारून घ्यावें.

येथील खरें वैभव म्हणजे लिंबू. आपल्या कागदी लिंबाहून तें मोठें, लांबट, ईडलिंबाच्या वळणाचें असतें. सालीला कडवटपणा कमी आणि सुगंध भरपूर, म्हणून येथील लोक तें सालीसकट चकत्या करून खातात. २०१५ सालीं युरोपीय संघानें ‘मांतोंचें लिंबू’ या नांवाला कायद्याचें संरक्षण दिलें. आतां इतर ठिकाणचें फळ त्या नांवानें विकतां येत नाहीं. गांवांत एक दंतकथा सांगतात. आदम व ईव्ह यांना स्वर्गोद्यानांतून बाहेर काढलें, तेव्हां ईव्हनें एक सोनेरी फळ लपवून बरोबर घेतलें. पुढें पुष्कळ देश हिंडल्यावर या उपसागराच्या कांठीं तिला स्वर्गासारखें वाटलें, आणि तिनें तें फळ येथें पुरलें.

दर फेब्रुवारींत येथें लिंबांचा मोठा उत्सव असतो. १९३४ सालापासून त्याला हें नांव आहे. बियोवेस नांवाच्या लांबट बागेंत लोखंडी सांगाड्यांवर एकेक लिंबू व संत्रें रबराच्या कड्यांनीं बांधून राजवाडे, हत्ती, जहाजें उभारतात. सुमारें एकशें चाळीस टन फळें त्याला लागतात. गंमत अशी कीं, हीं फळें बहुतांशीं स्पेनमधून आणविलेलीं असतात. मांतोंचें लिंबू इतकें मोलाचें कीं, तें असें उधळणें गांवाला परवडत नाहीं! आम्ही गेलों तेव्हां तयारी चालू होती. शिड्यांवर चढून कामकरी निमूटपणें फळें बांधीत होते. गर्दीचा त्रास होणाऱ्या माणसानें उत्सवापेक्षां ही तयारीच पाहावी, असें मी सुचवीन.

दुपारचें ऊन उतरल्यावर जुन्या गांवांत जावें. चौदाव्या शतकापासून पांचशें वर्षें मांतों हें मोनाकोच्या ग्रिमाल्दी राजघराण्याच्या सत्तेखालीं होतें. जबर करांना कंटाळून १८४८ सालीं गांवानें ती सत्ता झुगारून दिली. १८६० सालीं जनमत घेण्यांत येऊन तें फ्रान्सला मिळालें, आणि पुढल्या वर्षीं मोनाकोच्या राजानें चाळीस लक्ष फ्रँक घेऊन आपला हक्क सोडला. त्या राजघराण्याच्या वैभवाची खूण म्हणजे सेंट मिशेलचें देवालय. समुद्राकडून रुंद पायऱ्यांचा चढ या देवालयासमोरच्या चौकांत येतो. चौकाची फरसबंदी काळ्यापांढऱ्या गोट्यांची असून तींत ग्रिमाल्दींची मुद्रा काढलेली आहे. १९५० सालापासून दर उन्हाळ्यांत या उघड्या चौकांत रात्रीं संगीताच्या मैफली होतात. पायऱ्या चढतांना थांबत थांबत जावें. प्रत्येक थांब्यावर मागें वळून पाहिलें कीं समुद्र अधिक रुंद झालेला दिसतो, त्यामुळें थांबण्याला आपोआप निमित्त मिळतें.

चौकाच्याही वर, जेथें पूर्वीं किल्ला होता तेथें, जुनी दफनभूमि आहे. प्रवासाच्या पहिल्याच दिवसांत तेथें जावें कीं न जावें याविषयीं मी साशंक होतों. दुखण्यांतून उठलेल्या माणसाला स्मशानांत न्यावें तरी कशाला? पण पत्नीच म्हणाली, ‘एवढं वर आलोंच आहोंत, तर बघूं या.’ गांवांतील सर्वांत सुंदर देखावा तेथूनच दिसतो. एका बाजूला इटलीचा किनारा, दुसऱ्या बाजूला मार्तां अंतरीप, खालीं लाल कौलें. थडग्यांवरील नांवें मात्र फ्रेंच थोडीं; इंग्रज, रशियन, जर्मन अशींच पुष्कळ. विल्यम वेब एलिस या इंग्रज धर्मोपदेशकाचें थडगें येथें आहे. रग्बी नांवाच्या खेळाचा आरंभ त्यानें केला अशी आख्यायिका असल्यामुळें खेळाडू मुद्दाम दर्शनास येतात. तो १८७२ सालीं येथें वारला, तेव्हां पासष्टीचा होता. इतरांचीं वयें वाचूं लागलों आणि मन चरकलें. बावीस. एकोणीस. सव्वीस.

ही तरुण माणसें येथें कां आलीं, याची कथा अशी आहे. १८५९ सालीं जेम्स हेन्री बेनेट नांवाचा इंग्रज डॉक्टर क्षयानें खंगून, मरणाची तयारी करून मांतोंला आला. तो मेला नाहीं. उलट येथें त्याला गुण आला, आणि पुढें बत्तीस वर्षें, म्हणजे १८९१ पर्यंत, तो जगला. येथील हवेची स्तुति करणारा त्याचा ग्रंथ युरोपभर वाचला गेला. क्षयावर तेव्हां औषध नव्हतें. डॉक्टर ‘दक्षिणेला जा’ एवढेंच लिहून देत. लिंबें पिकविणाऱ्या आणि मासे धरणाऱ्या त्या गांवांत पाहतां पाहतां प्रचंड हॉटेलें उठलीं. १८६९ सालीं आगगाडीही आली. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन तेविशीच्या सुमारास येथें एक हिवाळा राहिला. आजारी माणसाला सुंदर स्थळीं आणून ठेवलें तरी प्रथम त्याला तें सौंदर्य जाणवतच नाहीं, असें त्यानें आपल्या निबंधांत नमूद केलें आहे. आमच्या घरच्या खिडकीपाशीं बसलेली व्यक्ति मला त्या वेळीं आठवली.

१८८२ च्या मार्चमध्यें व्हिक्टोरिया राणी मांतोंला मुक्कामास होती. त्याच महिन्याच्या २४ तारखेला रॉबर्ट कॉख यानें बर्लिन येथें क्षयाचे जंतु सांपडल्याचें जाहीर केलें. रोग हवेनें होत नाहीं, जंतूंनीं होतो. आणि तो एकापासून दुसऱ्यास लागतो. हें कळल्यावर ज्या किनाऱ्यानें रोग्यांना बोलावून घेतलें, तोच किनारा हळूहळू त्यांना दूर लोटूं लागला. कॅथरिन मॅन्सफील्ड या कथालेखिकेला १९१९ सालीं सान रेमो येथील एका हॉटेलांतून क्षयामुळेंच निघावें लागलें होतें. पुढच्या वर्षीं ती मांतोंच्या गारावान भागांत ‘इझोला बेल्ला’ नांवाच्या छोट्या घरांत राहिली. तिचे पति बराच काळ लंडनला होते आणि ती पत्रांची वाट पाहत लिहीत बसे. घर अजून आहे, गारावान स्टेशनाच्या अगदीं जवळ. भिंतीवर तिच्या नांवाची पाटी आहे. ती १९२३ सालीं, चौतिसाव्या वर्षीं वारली. चित्रकार ऑब्रे बियर्ड्स्ले १८९८ सालीं येथेंच पंचविसाव्या वर्षीं गेला; त्याच्या उशापायथ्याशीं आई व बहीण होत्या. हें भाग्य सर्वांचें नव्हतें.

एका इंग्रज मुलीच्या थडग्यापाशीं पत्नी बराच वेळ उभी होती. मग तिनें विचारलें, ‘अहो, हिच्याजवळ शेवटीं कोण होतं असेल?’

माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. पण ज्या गोष्टीविषयीं आमच्या घरांत कोणी बोलत नसे ती त्या दिवशीं मीं तिला सांगितली. माझ्या वडिलांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, एकोणीस वर्षांची असतांना क्षयानें आजारी पडली. हें १९३९ सालचें. आजोबांनीं ऋण काढून तिला कोरड्या हवेच्या एका गांवीं आरोग्यधामांत ठेवलें. महिन्याचे पैसे कधीं चुकले नाहींत. परंतु घरांत लहान मुलें होतीं, संसर्गाचें भय होतें, म्हणून भेटीस कोणी गेलें नाहीं. सात महिन्यांनीं तार आली. तिचें एक छायाचित्र घरांत होतें, पण तें भिंतीवर कधीं लागलें नाहीं. आजोबांना मी दोष देत नाहीं. त्या काळीं जें ठाऊक होतें त्याप्रमाणें त्यांनीं आपल्या ऐपतीबाहेर जाऊन केलें. पण माझे वडील म्हातारपणीं एकदां म्हणाले होते, ‘हवा चांगली होती रे. माणूस कोणी नव्हतं.’

या गोष्टीला एक उत्तरार्ध आहे आणि तो आपल्याच देशांत घडला. १९४४ सालापासून स्ट्रेप्टोमायसिन व त्यामागून दुसरीं औषधें हातीं आलीं. तरीही रोग्यास आरोग्यधामांत ठेवलेंच पाहिजे अशी समजूत होती. १९५६ सालीं मद्रास येथें याची कसोटी घेण्यास आरंभ झाला. गरीब वस्तींतील कांहीं रोग्यांना आरोग्यधामांत ठेवून, तर कांहींना त्यांच्या स्वतःच्या घरीं ठेवून, एक वर्ष तींच औषधें देण्यांत आलीं. घरीं जागा अपुरी, हवा कोंदट, अन्न बेताचें. असें असूनही गुण जवळजवळ सारखाच आला. आणि रोगी घरीं राहिल्यामुळें घरच्या माणसांना होणारी लागणही विशेष वाढली नाहीं. १९५९ सालीं हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध नियमित चालू असेल, तर रोग्याला आपल्या माणसांपासून तोडण्याचें कारण नाहीं, हें जगाला तेव्हां कळलें. मांतोंच्या टेकडीवरील मुलांना आणि आमच्या आत्येला तें फार उशिरा कळलें, एवढेंच.

त्या संध्याकाळीं आम्ही सावकाश खालीं उतरलों. पत्नी मुलीला तिच्या आजेआत्येची गोष्ट सांगत होती. कित्येक महिन्यांनीं तिला इतका वेळ बोलतांना मीं ऐकलें.

नंतरचे दिवस साधे गेले. साब्लेत नांवाच्या चौपाटीवर बांकावर बसावें, समुद्राकांठच्या लांब सपाट रस्त्यानें चालावें, थकलें कीं पुन्हा बसावें. एक सकाळ वाल रामे या वनस्पति-उद्यानासाठीं राखून ठेवावी. फ्रान्सच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयाकडे १९६६ सालापासून तें आहे. बाग लहान, पण उष्ण देशांतील झाडांनीं भरलेली. ईस्टर बेटावर निसर्गांतून नाहींसें झालेलें ‘तोरोमिरो’ नांवाचें झाड येथें जपलेलें आहे. नगरभवनांतील विवाहमंदिरही पाहावें. फ्रान्समध्यें कायदेशीर लग्न नगरभवनांतच लागतें. येथील दालनाच्या भिंती व छत झां कॉक्तो या कवि-चित्रकारानें १९५७-५८ सालीं रंगविले. टोपी घातलेला कोळी आणि गवती टोपीची मांतोंची मुलगी समोरासमोर पाहत आहेत, असें मुख्य चित्र आहे. गारावानहून पायींच इटलींत जातां येतें. पारपत्र मात्र जवळ असावें. सीमेपलीकडील हॅनबरी उद्यान विख्यात आहे. तें १८६७ सालीं सुरू झालें. पण तें डोंगरउतारावर समुद्रापर्यंत गेलेलें असल्यामुळें जेवढें उतरावें तेवढें परत चढावें लागतें. अशक्त माणसानें तो मोह टाळावा.

शेवटल्या दिवशीं सकाळीं मंडईंत पत्नीनें एका विक्रेत्या बाईपाशीं लिंबांचा भाव विचारला. भाव ऐकून तिनें भुंवया चढविल्या, दोन फळें उचलून हुंगून पाहिलीं आणि मुलीला म्हणाली, ‘हिला सांग, दोन किलो घेतों, पण नीट लाव.’ आंतीबला परतल्यावर मुलीच्या स्वयंपाकघरांत त्या लिंबांचें गोड लोणचें झालें. तिखटाचें प्रमाण कमी पडलें, असें तिचें मत आहे. माझें मत कोणीं विचारलें नाहीं.

पत्र पाठविणाऱ्या भगिनींना आतां उत्तर देतों. यजमानांना घेऊन अवश्य मांतोंला जावें. डॉक्टरांची संमति घ्यावी, औषधें बरोबर असावींत, आणि हवेनें रोग बरा होतो या जुन्या भ्रमावर विसंबूं नये. परंतु चिरंजीवांना एक गोष्ट निक्षून सांगावी. तिकिटें काढून व उत्तम खोली ठरवून त्यांचें काम संपत नाहीं. त्यांनींही चार दिवस रजा काढून बरोबर यावें, वडिलांच्या चालीनें चालावें, आणि बांकावर त्यांच्या शेजारीं बसावें. त्या गांवांत करण्यासारखें मुख्य काम तेंच आहे.